त्रेपन्न सामने, बारा जणी: डब्ल्यूएनबीएला खुले पत्र

प्रति,
कमिशनर कॅथी एन्गलबर्ट
आणि डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सर्व संघांचे मालक,
न्यूयॉर्क.

ऑक्टोबर २०२५

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहिते आहे आणि ते तुमच्या टेबलावर पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत तुम्हाला सुनावणारे पुष्कळ आहेत. पण माझी नणंद पुण्यात पहाटे साडेचारचा गजर लावून इंडियाना फिव्हरचे सामने बघते, आणि हरल्यावर मला फोन करून भांडते, जणू मीच फ्री थ्रो चुकवले. असे लोक वाढताहेत. हे पत्र त्यांनी वाचावं. तुमच्यापैकी कुणी वाचून घेतलं तर उत्तमच.

आजच लिहिण्याचं कारण साधं आहे. १० ऑक्टोबरला लास व्हेगास एसेसने अंतिम मालिका ४-० ने जिंकली आणि २०२५ चा हंगाम संपला. खेळाडूंशी असलेला तुमचा करार ३१ ऑक्टोबरला संपतो. मधल्या या दिवसांत तुम्ही जे ठरवाल ते पुढची कित्येक वर्षं चालेल. नंतर बोलून उपयोग नाही.

मी इंडियानापोलिसजवळ राहते. फिव्हर आमच्या गावचा संघ. ‘आमच्या गावचा’ असं तोंडातून सहज निघायला मला सात-आठ वर्षं लागली, आणि ती सगळी वर्षं बहुतेक पराभवाची होती. २०२२ मध्ये हा संघ ३६ पैकी ५ सामने जिंकला. तेव्हा मी लेकीला घेऊन जायचे ती बास्केटबॉल म्हणजे काय ते दाखवायला. जिंकणं हा विषयच नसायचा. मग २०२४ मध्ये कॉलेजात गाजलेली केटलिन क्लार्क आली आणि घरच्या २० सामन्यांना सरासरी १७ हजारांवर माणसं जमली. आता आम्ही अगदी वरच्या रांगेत बसतो आणि खेळाडू मुंग्यांएवढ्या दिसतात. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि तिचा माझ्या उजव्या गुडघ्याशी संबंध आहे.

विद्यापीठाच्या संघात मी पॉइंट गार्ड होते. एका स्पर्धेत आयोजकांनी दोन दिवसांत चार सामने ठेवले होते, सिमेंटच्या कोर्टवर, भर उन्हात. चौथ्या सामन्यात उडी मारून खाली आले आणि गुडघ्यात आतल्या आत काहीतरी टपकन तुटलं. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. कुणीतरी रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणला आणि रुमालात बांधून दिला. आयोजक म्हणाले, ‘‘नशीब बाई, दुसरं काय.’’ तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. त्यानंतर वीसेक वर्षं मीसुद्धा नशीबच म्हणत आले. या उन्हाळ्यात ते म्हणणं थांबवलं.

फिव्हरचा हा हंगाम तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १७ मे रोजी शिकागोविरुद्ध ९३-५८ अशी सुरुवात झाली. क्लार्कने पहिल्याच दिवशी गुण, रिबाऊंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी मजल मारली. आठवड्याभरात तिचा मांडीचा स्नायू दुखावला. मग डावी जांघ. १५ जुलैला उजवी जांघ. त्यानंतर ती खेळलीच नाही. ४४ पैकी १३ सामन्यांत तिचा हंगाम आटोपला. चार दिवसांनी आमच्याच शहरात लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना झाला, त्यात एका संघाची कर्णधार तीच होती, आणि ती साध्या कपड्यांत बाकावर बसलेली होती. ७ ऑगस्टला फीनिक्समध्ये एकाच सामन्यात सिडनी कोल्सनचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलं आणि आरी मॅक्डॉनल्डच्या पायाचं हाड मोडलं. दहा दिवसांनी कनेटिकटमध्ये सोफी कनिंगहॅमच्या गुडघ्यावर समोरची खेळाडू पडली. तिचंही लिगामेंट गेलं. क्लोई बिबीचाही गुडघा गेला. हंगाम संपवून घरी बसलेल्या या पाच जणी झाल्या.

त्याच संघाने १ जुलैला मिनेसोटात जाऊन, क्लार्कशिवाय, ७४-५९ ने कमिशनर्स कप ही हंगामाच्या मधेच होणारी स्पर्धा जिंकली. कनिंगहॅम पडली त्या सामन्यात २१ गुणांची पिछाडी भरून काढून ओव्हरटाइममध्ये विजय मिळवला. २४-२० अशा कामगिरीवर सहाव्या क्रमांकाने बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, गाठली, अटलांटाला त्यांच्या घरी ८७-८५ ने बाहेर काढलं आणि उपांत्य फेरीत एसेसना पाचव्या सामन्याच्या ओव्हरटाइमपर्यंत ओढत नेलं. या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मीही केलं. घसा बसेपर्यंत केलं. पण जिद्दीच्या गोष्टी सांगताना एक सोय होते: या बायकांवर एवढी जिद्द दाखवण्याची वेळ कुणी आणली, हे विचारायचं राहून जातं.

आता केल्सी मिचेलकडे या. माझ्यासाठी या हंगामाचा खरा चेहरा ती आहे. २०१८ मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) दुसऱ्या क्रमांकाची निवड म्हणून ती इथे आली. त्या वर्षी फिव्हरने ३४ पैकी ६ सामने जिंकले होते. ती सोडून गेली नाही. संघ हरत राहिला, प्रशिक्षक बदलत राहिले, ही डावखुरी मुलगी आपली गुण करत राहिली. यंदा बाकीच्या एकेक करून पडत गेल्या तसा चेंडू तिच्याच हातात येत गेला. ४४ च्या ४४ सामने खेळली, सरासरी २० गुणांनी. वर प्लेऑफचे ८ आणि गुणतक्त्यात न मोजला जाणारा कपचा अंतिम सामना १. म्हणजे १७ मे ते ३० सप्टेंबर या १३७ दिवसांत ५३ सामने. ऑल-स्टार वेगळाच. त्रेपन्नाव्या सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती खाली बसली ती उठलीच नाही. आधी सगळ्यांना वाटलं, पोटऱ्यांत गोळे आले असतील. नंतर कळलं, रॅब्डोमायोलायसिस. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू फुटतात, आतला मालमसाला रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. काही क्षण शरीराचा खालचा भाग हलेना, असं तिनेच नंतर लिहिलं. माझी लेक टीव्हीसमोर उभी राहून विचारत होती, ‘‘आई, तिला कुणी ढकललं?’’

कुणीच नाही. म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे.

नाण्याची दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. एकेका दुखापतीचं कारण वेगळं असतं. कनिंगहॅमच्या गुडघ्यावर माणूस पडलं, त्याला वेळापत्रक काय करणार? क्लार्कची जांघ नेमकी कशाने दुखावली, ते घरी बसून मी सांगू शकत नाही. पण २०२३ मध्ये ४० सामने १९ मे ते १० सप्टेंबर या ११५ दिवसांत बसवले होते. यंदा ४४ सामने १६ मे ते ११ सप्टेंबर या ११९ दिवसांत बसवले. चार सामने वाढवले आणि दिवसही चारच वाढवले. ऑल-स्टारची सुट्टीही त्याच दिवसांतून काढायची. २०२० च्या करारात ४४ पर्यंत जायची मुभा होती, खेळाडूंच्या संघटनेने त्यावर सही केली होती, हेही खरं. मुभा होती, सक्ती नव्हती. बराच काळ ही लीग ३४ सामन्यांची होती, तेव्हा ती बुडाली नाही.

इथे कुणीतरी एनबीएचा दाखला देणारच. पुरुष ८२ सामने खेळतात, त्यांच्यात तर सामन्यांमधलं अंतर आणखी कमी. बरोबर. पण त्यांच्या संघात १५ खेळाडू आणि वर टू-वे कराराचे, म्हणजे मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही संघांकडून खेळणारे, ३ असतात. तुमच्या संघात फार तर १२, आणि पगाराच्या कडक मर्यादेमुळे कित्येकदा ११ च. आणि एनबीएचा खेळाडू उन्हाळ्यात विश्रांती घेतो, कारण त्याला परवडतं. तुमची खेळाडू हिवाळ्यात काय करते? खेळते. आधी तुर्कस्तान, रशिया, चीन होतं. आता मायामीतली अनरायव्हल्ड ही हिवाळी लीग आहे. आमच्या अलिया बोस्टन आणि लेक्सी हल यंदा जानेवारीत तिथेच खेळत होत्या. क्लार्कचं तर बघाच: ७ एप्रिल २०२४ ला ती आयोवाकडून कॉलेजचा अंतिम सामना खेळली, १५ तारखेला तिची निवड झाली, १४ मे ला पहिला व्यावसायिक सामना, आणि पहिल्या २० दिवसांत फिव्हरचे ११ सामने. त्या वर्षी तिने ४० च्या ४० सामने खेळून दाखवले. शरीराने बिल पुढच्या वर्षी पाठवलं असेल, तर मला त्याचं नवल वाटणार नाही.

आणि म्हणूनच पगार आणि गुडघे हे दोन वेगळे विषय नाहीत. वाटाघाटीच्या टेबलावर तुम्ही ते वेगवेगळ्या कागदांवर लिहीत असाल, पण अंग एकच आहे. यंदा लीगमधला किमान पगार ६६,०७९ डॉलर होता. जिच्यामुळे मैदानं भरली त्या क्लार्कला दुसऱ्या वर्षाचे ७८,०६६ डॉलर मिळाले. एका अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा १५ लाख ७ हजार १०० डॉलर. दुसरीकडे, डिस्ने, ॲमेझॉन आणि एनबीसीशी तुम्ही ११ वर्षांचा प्रक्षेपण करार केलात, २ अब्ज २० कोटी डॉलरचा; तो पुढच्या हंगामापासून लागू होतो. जूनमध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियाला नवे संघ दिलेत, प्रत्येकी २५ कोटी डॉलर घेऊन. गोल्डन स्टेट या संघाने याच प्रवेशासाठी ५ कोटी भरले होते. लीगची किंमत एवढी चढली, ती कुणाच्या पायांवर? ऑल-स्टारच्या दिवशी आमच्या शहरात खेळाडू काळे टी-शर्ट घालून कोर्टवर आल्या, त्यावर ‘आमचं देणं द्या’ अशा अर्थाचं लिहिलं होतं. आमच्या रांगेतले लोक उभे राहिले. खालून कुणी वर बघितलं की नाही, माहीत नाही.

आपत्कालीन कराराचा नियम हा आणखी एक नमुना. खेळण्याजोग्या खेळाडू दहापेक्षा कमी झाल्या की बाहेरून एखादीला बोलावता येतं; जखमी परतल्या की तिला निरोप. मॅक्डॉनल्ड जूनमध्ये अशीच आली, तिला सोडलं, आणि नंतर पुन्हा बोलावून घेतलं. तिचं हाड मोडल्यावर ओडिसी सिम्स आली आणि तिने आम्हाला उपांत्य फेरीत नेलं. आज आलेली, कालपर्यंत घरी एकटी सराव करणारी मुलगी, काही दिवसांत मुख्य पाचांत. दहा कमी होईपर्यंत वाट का बघायची? घरात पाहुणे येणार हे माहीत असताना भांडं पुरत नाही असं कळल्यावर शेजारी धावणं, तसं हे दर हंगामात चालतं.

पंचगिरीबद्दल फार लिहित नाही. त्यावर सगळे बोलून झाले आहेत. १७ जूनच्या कनेटिकटच्या सामन्यात क्लार्कच्या डोळ्यात बोट गेलं, तिला पाडलं गेलं, आणि शेवटच्या मिनिटात कनिंगहॅमने हिशेब चुकता केला. तो फाउल मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. पण खेळाडूंना हिशेब स्वतः चुकते करावेसे वाटू लागले म्हणजे शिट्टी वाजायची तेव्हा वाजली नाही, एवढंच.

त्याहून जास्त मला दंड खुपतात. कनिंगहॅमने पंचांची थट्टा करणारा व्हिडिओ टाकला, ५०० डॉलर. पॉडकास्टवर बोलली, १,५०० डॉलर. उपांत्य फेरीत मिनेसोटाच्या नफीसा कोलिअरचा घोटा गेला, फाउल दिला गेला नाही, आणि प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांना संताप आवरला नाही. त्यांना बंदी आणि दंड. त्यांची बाजू घेतली म्हणून आमच्या प्रशिक्षक स्टेफनी व्हाइट आणि एसेसच्या बेकी हॅमन यांनाही दंड. शेवटी कोलिअरने कागद वाचून सांगितलं की आमच्याकडे जगातल्या सर्वोत्तम खेळाडू आहेत, सर्वोत्तम प्रेक्षक आहेत आणि नेतृत्व मात्र सर्वांत वाईट. हे वाक्य मी वापरणार नाही. बाहेरून कुणाच्या घराला नावं ठेवू नयेत. पण ती खेळाडू संघटनेची उपाध्यक्ष आहे, रागाच्या भरात बोललेली पोर नाही. ती लिहून आणून बोलते याचा अर्थ न लिहिता सांगण्याचे मार्ग तिने संपवले होते.

चांगलं झालं तेही नोंदवते. २०२४ पासून तुम्ही सगळ्या संघांना स्वतंत्र विमान दिलंत, दोन हंगामांसाठी ५ कोटी डॉलर खर्चाचं जाहीर करून. त्याआधी या उंच बायका साध्या विमानांत गुडघे छातीशी घेऊन बसत, आणि २०१८ मध्ये तर पंचवीसहून अधिक तासांच्या प्रवासानंतर एसेसनी वॉशिंग्टनचा सामना खेळायलाच नकार दिला होता, तो त्यांच्या नावावर पराभव म्हणून लागला. त्यावेळी विमान परवडत नाही असंच सांगितलं जायचं. मग परवडलं. इथे इंडियानापोलिसमध्ये फिव्हरसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचं सराव केंद्र उभं राहतंय, तेही चांगलंच आहे. फक्त त्यातली सगळ्यात गजबजलेली खोली फिजिओथेरपीची नसावी.

आता मागण्या. अवघड नाहीत.

पुढच्या करारात सामने वाढवायचे असतील तर दिवस वाढवा. दिवस वाढवता येत नसतील तर सामने ४० वर आणा. पुढच्या वर्षी ४ सप्टेंबरपासून बर्लिनला विश्वचषक आहे. म्हणजे कॅलेंडर पुन्हा आवळलं जाणार. ४४ चा आकडा तसाच ठेवून मधे विश्वचषक घुसवलात, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये आणखी कुणाचं तरी नाव या पत्रात घालावं लागेल.

प्रत्येक संघात दोन जागा वाढवा. पगाराच्या मर्यादेबाहेर, नवोदितांसाठी. दरवर्षी निवडीच्या रात्री हार-तुरे घेऊन मेमध्ये संघात जागा नाही म्हणून घरी परतणाऱ्या मुलींनाही त्याने दार उघडेल.

खेळाडूंना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्या, लीग वाढेल तसा वाढणारा. किती टक्के ते त्यांच्या संघटनेशी ठरवा, तो माझा प्रांत नाही. एवढंच बघा की जिला हिवाळ्यात विश्रांती घ्यायची आहे तिला ती परवडली पाहिजे.

लीगबाहेरच्या डॉक्टरांची समिती नेमा आणि दरवर्षी दुखापतींचा ताळेबंद जाहीर करा: किती जखमी झाल्या, त्याआधी किती दिवसांत किती सामने आणि किती प्रवास झाला होता. खेळाडूंची नावं नकोत. बायकांना एसीएलची दुखापत पुरुषांपेक्षा जास्त होते हे कधीचं माहीत आहे; मग ती कधी आणि कशानंतर होते याचा हिशेब जगातल्या सर्वांत मोठ्या महिला लीगने ठेवायचा नाही तर कुणी?

आणि पंचांवर बोलल्याबद्दलचा दंड बंद करा. निदान शिव्या न देता बोलणाऱ्यांचा तरी. पंच पूर्णवेळ नेमा, त्यांना चांगला पगार द्या, मग बोलायला कारणच उरणार नाही.

मिचेलचा करारही यंदा संपतोय, बहुतेक सगळ्या जुन्या खेळाडूंचा संपतोय. तिने इथेच राहावं असं आम्हाला फार वाटतं. पण ती दुसरीकडे गेली किंवा वर्षभर पाय पसरून नुसती बसली, तरी आमच्या घरात तिच्या नावाचं शून्य नंबरचं बनियन तसंच टांगलेलं राहील.

लेकीच्या संघाची नोव्हेंबरमध्ये स्पर्धा आहे. एका शनिवारी तीन सामने ठेवलेत. तिसऱ्या सामन्याला ती बाकावर बसेल, असं मी तिच्या प्रशिक्षकांना कळवलं आहे. ती माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती.

आपली,
इंडियाना फिव्हरची एक प्रेक्षक